वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर आणि उन्हाळ्यात फुगणारं वीजबिल: नागपुरात आधी काय तपासायचं

नागपुरात एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत एक तक्रार ठरलेली असते. वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर, बिल हिवाळ्याच्या कितीतरी पट, एसी रात्रभर सुरू आणि तरी खोली तापलेलीच. मग पहिला विचार येतो मोठ्या एसीचा, नाहीतर गॅस भरून घेण्याचा. बहुतेक घरांत या दोन्हींची गरज नसते. उष्णता येते डोक्यावरच्या उघड्या स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या काचेतून, आणि ती बाहेर फेकण्यात पैसे जातात. काही घरांत तर दोष मीटरच्या पेटीतच निघतो. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो. प्रत्येक टप्प्यानंतर आठवडाभर मीटरचे युनिट वहीत लिहा, फरक पाहा आणि मगच पुढच्या टप्प्यावर पैसे टाका.

लक्षणं

- संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खोली दुपारपेक्षा जास्त तापते. पलंगावर उभं राहून छताला तळहात लावला तर चटका नसला तरी चांगलं गरम लागतं. पंखा जितका जोरात, तितकी गरम हवा खाली. हा स्लॅबचा दोष.
- दुपारी तीननंतर एकच खोली भट्टी होते, बाकीचं घर त्या मानाने बरं. पश्चिमेची खिडकी किंवा भिंत.
- कूलरची हवा थंड आहे, पण अंग चिकचिक करतं, उशी-गादी दमट लागते. हवा बाहेर जायला वाट नाही.
- कूलरचा आवाज भरपूर, हवा मात्र कोमट. ताट्या (कूलरच्या तिन्ही बाजूंच्या गवताच्या चौकटी) नीट भिजत नाहीत.
- एसीचा कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, किंवा इन्व्हर्टर एसीचं आउटडोअर तासन्‌तास पूर्ण वेगात फिरतं.
- खालच्या मजल्यावर तेवढंच घर, तेवढीच माणसं, तसाच एसी, आणि बिल बरंच कमी. तुमच्या सवयींना दोष देण्याआधी वर पाहा.
- घराला कुलूप लावून आठ दिवस गावाला गेलात तरी युनिट वाढले.
- एकाच महिन्यात बिलाने उडी मारली, पुढच्या महिन्यात पुन्हा खाली. हा रीडिंगचा घोळ असू शकतो.

बिल डिसेंबर-जानेवारीतही तेवढंच मोठं असेल तर कारण उन्हात नाही. गिझर, जुना फ्रिज, मोटर किंवा वायरिंग तिथे शोधायचं. त्यासाठी पुढचा पहिला टप्पा पुरेसा आहे.

बिल आणि मीटर: खर्च शून्य

बिलावर चालू रीडिंग असतं. ते मीटरवरच्या आकड्याशी जुळवा. रीडिंगच्या जागी सरासरी लावलेली असेल, तर मागच्या महिन्यांचे उरलेले युनिट एकदम एका बिलात येतात आणि एसी विनाकारण बदनाम होतो. महावितरणच्या ॲपवरून स्वतःचं रीडिंग पाठवता येतं. बिल चुकलं असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. एक गैरसमज सगळीकडे आहे की ३०१ वा युनिट पडला की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. महागडा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. पण उन्हाळ्यात वाढणारे युनिट हे नेमके वरच्या टप्प्यातले असतात, म्हणून ते वाचवले तर बचतही महागड्या दराची होते. ऊर्जेच्या दरावर वहन आकार (वीज तुमच्यापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातला फरक) आणि १६ टक्के विद्युत शुल्क चढतं ते वेगळंच.

आता भाड्याच्या घराचा खास प्रश्न. घरमालक आणि भाडेकरू एकाच मीटरवर असतील आणि आत सबमीटर (फक्त तुमचा वापर मोजणारं मालकाचं दुसरं मीटर) असेल, तर दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात. दोन्ही घरांचे २५०-२५० युनिट वेगळ्या मीटरवर असते, तर एकही युनिट तिसऱ्या टप्प्यात गेला नसता. एका मीटरवर ५०० झाले की त्यातले २०० तिसऱ्या टप्प्यात जातात. कोणी काही जास्त वापरलेलं नसतं. उन्हाळ्यात दोन्हीकडे कूलर-एसी असेल तर वेगळं मीटर घेण्याबद्दल मालकाशी बोला. संमतीपत्र आणि भाडेकरारावर काम होतं. ते होईपर्यंत निदान मूळ बिल मागा आणि सबमीटरचा दर त्यावरून काढा, 'सगळेच बारा रुपये घेतात' यावरून नको.

मीटर खरा तपासायचा तो त्याच्या लाल दिव्यावरून. एका युनिटमागे दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो, बहुधा ३२०० किंवा १६००. हिशेब असा: ३६ लाखांना (छापलेला आकडा गुणिले दोन लुकलुकींमधले सेकंद) ने भागा, उत्तर वॅटमध्ये. म्हणजे ३२०० च्या मीटरवर दर सेकंदाला एक लुकलुक असेल तर त्या क्षणी साधारण ११२५ वॅट जळताहेत. दर दहा सेकंदांनी एक असेल तर ११२. १६०० च्या मीटरवर हेच आकडे दुप्पट.

सगळी बटणं बंद करा, फ्रिजची पिन काढा, बॅटरीचा इन्व्हर्टरही मेनपासून सोडवा. दोन-तीन मिनिटं मीटरकडे पाहत उभे राहा. दिवा लुकलुकला तर तीन शक्यता धरायच्या. पहिली, जिन्यातले दिवे, मालकाची पाण्याची मोटर किंवा शेजारची खोली तुमच्या मीटरवर जोडलेली आहे. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला जवळपास एक युनिट घेते, त्यामुळे मोटर सुरू असताना आणि बंद असताना दिव्याचा वेग पाहिला की उलगडा होतो. दुसरी शक्यता गळतीची: मीटरवर 'ई.एल.' किंवा 'अर्थ' लिहिलेला वेगळा दिवा पेटलेला असेल तर गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) पूर्ण परत येत नाहीये. कूलरचा पंप आणि जुनी ओली वायरिंग हे यातले नेहमीचे आरोपी. तिसरी शक्यता कमी वेळा निघते: मीटरच बिघडलेलं असतं, आणि मग अर्ज करून चाचणी मागायची.

इन्व्हर्टर परत जोडल्यावर दिवा एकदम जोरात पळायला लागला आणि चार-पाच तासांनीही मंदावला नाही, तर बहुधा बॅटरीचं आयुष्य संपत आलं आहे. ती भरतच नाही, नुसती गरम होत राहते. हा खर्च वर्षभर चालू असतो, उन्हाळ्यात तो इतर गोंगाटात लपतो.

सवयी आणि खोलीची निवड

कूलर आणि एसी एकाच बंद खोलीत एकत्र चालवू नका. कूलर पाण्याची वाफ करून खोलीत सोडतो; एसीला तीच वाफ पुन्हा पाणी करून पाइपातून बाहेर काढावी लागते. एक लिटर पाण्यामागे ०.६७ युनिटइतकी उष्णता एसीच्या अंगावर पडते. डेझर्ट कूलर तासाला कित्येक लिटर पाणी उडवतो, तेव्हा गणित कळायला वेळ लागणार नाही. दिवसा कूलर, रात्री झोपताना एसी असं करायचं असेल तर मध्ये अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवून ओल जाऊ द्या.

उन्हाळ्यापुरती झोपायची खोली बदला. पूर्वेची किंवा उत्तरेची खोली लहान असली तरी तीच बरी. पहाटे पाच ते आठ सगळं घर उघडं, नऊच्या आत खिडक्या-पडदे बंद. रात्री मात्र उलट: दहा-अकराला बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झालेली असते, पण लोक बंद खोलीत एसी चालवत बसलेले असतात. एसी लावण्याआधी वीस मिनिटं दारं-खिडक्या उघडून तापलेली हवा काढून टाका.

एसी २६ वर आणि पंखा मंद, हे १८ वर ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं. एकेका अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. स्थिर गतीच्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीला 'लवकर' हा वेगच नसतो, तो फक्त जास्त वेळ चालतो. आणि दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा. धुळीच्या वाऱ्यांच्या दिवसांत दर आठवड्याला. फिल्टर नळाखाली उलट्या बाजूने धुवायचा, सावलीत वाळवायचा, ब्रशने घासायचा नाही.

फटी: उदबत्ती आणि फोमची पट्टी

हा टप्पा फक्त एसीच्या खोलीसाठी. एसी सुरू करा, उदबत्ती पेटवून दाराच्या खालच्या फटीपाशी, स्लायडिंग खिडकीच्या पट्ट्यांपाशी, बाथरूमच्या झडपांच्या व्हेंटिलेटरपाशी आणि एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथे धरा. धूर वाकला की फट सापडली. दाराखाली रबरी पट्टी, खिडकीला फोमची चिकटपट्टी, पाइपाच्या भोकाला पुटी. दोनशे-तीनशे रुपयांत एक खोली होते. व्हेंटिलेटरवर पुठ्ठा किंवा जाड प्लास्टिक तात्पुरतं लावा, पण खोलीत गॅस शेगडी किंवा गॅस गिझर असेल तर हवेची वाट कधीच बंद करू नका.

खिडकीवरचं ऊन बाहेरच अडवा

चार बाय चार फुटांच्या पश्चिमेच्या काचेतून मे महिन्यात दुपारी चारला सहाशे-सातशे वॅट उष्णता आत येते. लहान हीटर खोलीत लावून ठेवल्यासारखंच. आतला जाड पडदा याला फारसा उपाय नाही. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला. उष्णता आता खोलीतच आहे. अडवायचं ते काचेच्या बाहेर.

भाडेकरूसाठी सोपी गोष्ट म्हणजे बाहेरच्या ग्रिलला बांधलेली बांबूची चिक किंवा दुहेरी हिरवी जाळी. भिंतीत भोक पाडायचं नाही, घर सोडताना सुटून येते. काच आणि चिक यांच्यात चार बोटं जागा ठेवा, नाहीतर चिकेची उष्णता काचेत उतरते. काचेवर चिकटवायची काळी फिल्म टाळा: ती ऊन शोषून स्वतः तापते, आणि स्वस्त फिल्म काढताना काचेवर डिंक राहतो तो अनामत रकमेतून कापला जातो. चकचकीत परावर्तक फिल्म त्या मानाने बरी.

कूलर: ताट्या, पाणी आणि हवेची वाट

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरला तोड नाही, तो नीट चालत असेल तर. बाहेर ४४ अंश आणि दमटपणा अठरा-वीस टक्के असताना चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो, तेही सुमारे २०० वॅटमध्ये. रोज सोळा तास चालवला तरी महिन्याला शंभर युनिटांच्या आत. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला तर २५० ते ३०० युनिट सहज. म्हणून कूलर दुरुस्त करणं हा एसी दुरुस्तीच्या आधीचा टप्पा.

प्लग काढा, मग ताटी काढून उजेडासमोर धरा. गवत खाली बसलेलं असतं आणि वरच्या चार-पाच इंचांतून सरळ उजेड दिसतो. तिथूनच बाहेरची गरम हवा न भिजता आत शिरते. बाकीची ताटी ओलीचिंब असली तरी उपयोग नाही. गवत दर हंगामाला बदला, वरपासून दाबून भरा. खस महाग, पण पाणी जास्त धरते. हनीकॉम्ब (मधाच्या पोळ्यासारखी नळ्यांची ताटी) दोन-तीन हंगाम जातं, मात्र बोअरच्या जड पाण्याने त्याच्या नळ्या क्षाराने बुजतात. तुमच्याकडे बोअर असेल तर गवतच स्वस्त पडतं.

वरच्या पाण्याच्या पाटीतली छिद्रं टाचणीने मोकळी करा. पंप सुरू करून पाच मिनिटांनी तिन्ही ताट्यांवर तळहात फिरवून पाहा (हे करताना पंखा बंद; आणि लोखंडी बॉडी आधी टेस्टरने तपासलेली असू द्या). कोरडा पट्टा लागला तर त्या वरचं छिद्र बंद आहे किंवा कूलर एका बाजूला कलला आहे. स्टँडखाली लाकडाची पाचर सरकवून बरेच कूलर दुरुस्त होतात. टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण काढा. पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. शिवाय डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठवडाभरात तयार होतो.

पंख्याचा वेग कमी झाला असेल तर मोटर बदलण्याआधी कपॅसिटर बदलून पाहायला सांगा. स्वस्त वस्तू आहे आणि दोष बहुधा तिथेच असतो.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: कूलरला बाहेरची कोरडी हवा आत आणि आतली ओली हवा बाहेर, दोन्ही लागतं. कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावलं तर तो स्वतःचीच दमट हवा फिरवत बसतो. कूलर खिडकीत, पाठ बाहेर. समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी इतकी उघडी की १००० सीएफएममागे (सीएफएम म्हणजे कूलर मिनिटाला फेकतो ती हवा, घनफुटांत) साधारण दोन चौरस फूट वाट मिळेल. १० बाय १२ च्या, दहा फूट उंच खोलीला ६०० सीएफएम किमान. वरच्या मजल्याला हजार धरा. कूलर पश्चिमेला उन्हात असेल तर त्याच्यावर जाळीचं छप्पर करा, पण ताट्यांपुढे फूट-दीड फूट मोकळं ठेवा.

पावसाळा लागला की कूलर थांबवा. हवेतच ओल असेल तर पाणी उडत नाही, आणि मग 'कूलर बिघडला' म्हणून दुरुस्तीला पैसे जातात.

स्लॅब: खरा खर्च इथे आहे

ढोबळ हिशेब करून पाहा. १० बाय १२ ची खोली म्हणजे ११ चौरस मीटर छत. शेवाळाने काळवंडलेली गच्ची मे महिन्यात दुपारी ६० अंशांच्या घरात जाते. खाली खोली २८ वर ठेवायची तर चार-पाच इंची स्लॅबमधून जवळपास दीड किलोवॅट उष्णता उतरते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे दीड टनाच्या एसीची पाव हिश्शाहून जास्त ताकद फक्त छत थंड ठेवण्यात गेली. त्यातही एसीची क्षमता ३५ अंश बाहेरच्या तापमानाला मोजलेली असते, नवतप्यातल्या (मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांतल्या) ४५-४६ ला ती घटते आणि वीज वाढते. वर काँक्रीट उष्णता धरून ठेवतं, म्हणून सूर्य मावळल्यावर छत खाली ओकत राहतं.

गच्चीचा पृष्ठभाग ६० ऐवजी ४५ अंशांवर राहिला तर हीच उष्णता निम्म्यावर येते. ते काम पांढरा रंग करतो. सर्वांत स्वस्त चुना.

मालकाची परवानगी घ्या (संदेशात लिहून, तोंडी नको). गच्ची झाडून शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, धुवा. पाचशे चौरस फुटांना दोन हातांसाठी साधारण १० ते १२ किलो पुडीचा चुना आणि किलोभर पांढरा सिंथेटिक गोंद लागतो. चुना आदल्या रात्री भिजवा, कापडातून गाळा, ताकाइतपत पातळ ठेवा. लोक इथेच चुकतात: एकाच हातात पांढरंफेक व्हावं म्हणून घट्ट लावतात, आणि पंधरा दिवसांत पापुद्रे निघून पन्हाळीत अडकतात. पहिला हात ओला असताना राखाडीच दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो. काम संध्याकाळी करा, आधी स्लॅब ओला करून. तापलेल्या कोरड्या काँक्रीटवर चुना भाजून निघतो आणि धरत नाही. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी. पाण्याच्या टाकीचं झाकण लावलेलं असू द्या, हातमोजे आणि चष्मा घाला. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना. कळीचा चुना प्लास्टिकच्या बादलीत विरवू नका, तो उकळतो.

चुना एक उन्हाळा टिकतो, पावसात धुपतो. मार्चच्या शेवटी लावा. एप्रिलच्या अखेरीस धूळ बसली की एकदा झाडून-धुऊन काढा, कारण मळलेला पांढरा हा पांढरा राहत नाही. परावर्तक रंग महाग पण अनेक वर्षं टिकतो, तो मालकाने लावायचा.

दुसरा उपाय हिरवी जाळी. उन्हाळ्यात महापालिका चौकातल्या सिग्नलवर टांगते तीच. ७५ ते ९० टक्क्यांची जाळी, स्लॅबपासून निदान तीन फूट वर. थेट स्लॅबवर अंथरलेल्या जाळीचा फारसा फायदा नाही. मधून वारा गेला तरच तापलेली हवा निघून जाते. बांबू वाळूने भरलेल्या डब्यांत उभे करून दोरीने कठड्याला बांधा. पाण्याच्या पीव्हीसी पाइपाला किंवा डिशच्या खांबाला बांधू नका: मे-जूनच्या वादळात जाळी शिडासारखी फुगते आणि पाइप घेऊन जाते. गाठ ओढून सुटणारी असू द्या, आभाळ काळं झालं की जाळी खाली. खाली उतरवता येत नसेल तर लावूच नका.

गच्चीवर पाणी मारण्याबद्दल: एक लिटर पाणी उडताना ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं, म्हणून उपाय खरा आहे. पण नळीने धार सोडली तर पाणी पन्हाळीतून खाली जातं, उडत नाही. झारीने थोडं थोडं, ऊन उतरल्यावर दोन-तीनदा, किंवा भिजवलेले बारदाने अंथरून. छताला ओलीचे डाग असतील तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

टिनाच्या खोलीत गोष्ट थोडी वेगळी. टिन दुपारी स्लॅबपेक्षा लवकर आणि जास्त तापतो, पण रात्री लवकर निवतो. तिथे वरून पांढरा रंग आणि खाली सहा इंच सोडून बांबूचे तट्टे, मधल्या जागेला दोन्ही टोकांनी हवा, एवढं केलं की फरक पडतो. टिनावर चढताना पाय फक्त खालच्या आडव्या दांड्यावर पडला पाहिजे.

छताला आतून थर्माकोलची शीट चिकटवू नका. उष्णता थोडी अडते, पण शॉर्टसर्किट झालं तर ती जळत खाली टपकते. गच्चीवर मातीचा थर किंवा कुंड्यांची रांग हाही भाडेकरूने करायचा प्रयोग नाही, स्लॅबवर वजन किती चालेल ते इंजिनिअर ठरवतो.

मालकाला तुमच्या बिलाचं सोयरसुतक नसतं, त्याला स्लॅबच्या ओलीचं असतं. म्हणून बोलणं तिथून सुरू करा. पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग गळतीही थांबवतं आणि उष्णताही अडवतं. ते त्याच्या घराची दुरुस्ती आहे, तुमची चैन नव्हे. खर्च तुम्ही करणार असाल तर तो भाड्यातून कसा वळता होणार ते लिहून घ्या. अकरा महिन्यांच्या करारावर स्वतःच्या पैशाने करायचं ते एवढंच: जे एका उन्हाळ्यात वसूल होतं, किंवा जे सोबत नेता येतं.

एसी: शेवटी

वरचं सगळं झाल्यावर एसीकडे या. साधा थर्मामीटर पुरतो. एसी पंधरा मिनिटं चालू द्या. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्यात ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र ठीक आहे आणि दोष घराचा आहे. फरक चार-पाच अंशच असेल किंवा बारीक पाइपावर बर्फ जमत असेल तर आधी फिल्टर, मग मेकॅनिक.

आउटडोअर युनिटची जाळी धुळीने बुजलेली असेल तर वीज बंद करून मागून हलक्या दाबाने पाणी मारता येतं. गच्चीवर उन्हात असेल तर वर सावली करा, पण कोंडू नका: मागे फूटभर आणि पुढे तीन-चार फूट मोकळं हवं. बाल्कनीत कपड्यांच्या आड ठेवलेलं आउटडोअर स्वतःचीच गरम हवा ओढत असतं.

'गॅस कमी झालाय, दरवर्षी भरावा लागतो' हे मान्य करू नका. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधायची, जोड दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम करायचं, मग वजन करून गॅस भरायचा. हे चार टप्पे न करता भरलेला गॅस पुढच्या एप्रिलपर्यंत पुन्हा गेलेला असतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कूलरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन बंद. पाणी भरताना प्लग नेहमी काढलेला, पायात चप्पल, मुलं लांब. कूलरच्या शॉकने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. पंपाच्या वायरीचा जोड टेपने गुंडाळून पाण्यात सोडलेला असेल तर पंपच बदला.

एसीचा प्लग किंवा सॉकेट गरम लागणं, काळं पडणं, जळका वास: तिथेच थांबा. एसीसाठी १६ अँपिअरचं सॉकेट, मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि तांब्याची निदान २.५, लांब अंतर असेल तर ४ चौरस मिलिमीटरची वायर लागते. जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते, तिच्यावर एसी चालवू नका. एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून मोठा लावणं म्हणजे वायर जाळायची सोय.

मीटरची पेटी, सील आणि त्याआधीची वायर महावितरणची. ई.एल. दिवा पेटलेला असो वा मोटर तुमच्या मीटरवर निघो, सील तोडून पाहू नका. गुन्हा तुमच्या नावावर लागतो. फोटो काढा, तक्रार करा.

एसीत गॅसचं कोणतंही काम घरी नको. नव्या यंत्रांतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. आउटडोअर भिंतीला बाहेरून लटकलेलं असेल तर ते धुण्यासाठीही खिडकीतून वाकू नका.

आणि स्लॅबच्या खालून प्लॅस्टर सुटलेलं, सळई दिसतेय, गंजाचे तांबूस डाग: अशा छतावर चुना, पाणी, जाळी काहीच नको, आणि पाच माणसं वर नेऊन काम तर मुळीच नको. मालकाला लेखी कळवा, स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्या खोलीत झोपू नका.